पदवीच्या विद्यार्थ्यांनी आपलं संशोधन समाजमाध्यमांवर कसं मांडावं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीएस्सी, बीफार्म आणि इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांकडून, तसंच त्यांच्या गाईडकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. दोन प्रश्न एकमेकांना भिडतात तिथे क्रमांक दिला आहे. ॲपच्या मर्यादा अधूनमधून बदलतात, म्हणून पोस्ट टाकण्याआधी आकडे ॲपमध्ये एकदा पडताळून घ्या.

१. आमचा तर बीएस्सीचा प्रोजेक्ट आहे. त्याला 'संशोधन' म्हणून पोस्ट करणं शोभतं का?

शोभतं, फक्त जे केलं तेवढंच सांगायचं. नव्या शैक्षणिक धोरणातल्या चार वर्षांच्या 'ऑनर्स विथ रिसर्च' पदवीत १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प आहे आणि 'आविष्कार' या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेतही पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा स्तर असतो. म्हणजे काम होतंच. पण व्हायवा झाला की स्पायरल बाइंडिंग केलेली प्रत विभागाच्या कपाटात जाते आणि पुढची तुकडी तोच प्रयोग त्याच चुकांसह पुन्हा करते. त्यामुळे 'ही पद्धत आमच्याकडे चालली नाही, कारण अमुक' असं सांगणारी पोस्टसुद्धा मोलाची असते, आणि अशा पोस्ट फार कमी दिसतात.

अभ्यासक्रमात ठरवून दिलेला, उत्तर आधीच माहीत असलेला प्रयोग केला असेल तर त्याला 'प्रात्यक्षिक' म्हणा. तेही मजेत मांडता येतं, पण ते संशोधन नव्हे.

२. पोस्ट टाकण्याआधी कोणाकोणाला विचारायचं?

गाईडला, सोबत काम केलेल्या प्रत्येकाला आणि ज्या प्रयोगशाळेची उपकरणं किंवा नमुने वापरले तिच्या प्रमुखांना. 'सर, प्रोजेक्टबद्दल पोस्ट टाकू का?' एवढं विचारू नका. पोस्टचा पूर्ण मजकूर आणि चित्रं ईमेलने पाठवा, उत्तर लेखी घ्या आणि जपून ठेवा. तोंडी 'हो, टाक' म्हणणाऱ्या सरांच्या डोळ्यांसमोर सत्काराचा फोटो असतो, तुमच्या डोळ्यांसमोर आलेख. घोळ तिथेच होतो.

उन्हाळी इंटर्नशिपला दुसऱ्या संस्थेत गेला असाल तर जास्त जपा. तिथला डेटा बहुधा एखाद्या पीएचडी करणाऱ्याच्या मोठ्या कामाचा भाग असतो. फळ्यावरचं लिखाण, उघडा लॅपटॉप, बाटल्यांवरची लेबलं फोटोच्या पार्श्वभूमीत येतात आणि नकळत दुसऱ्याचं काम फुटतं. शोधनिबंध किंवा पेटंटचा विषय असेल तर प्रश्न १० आणि ११ आधी वाचा.

३. कुठल्या ॲपवर टाकू? सगळीकडे टाकलं तर?

तुमचा निष्कर्ष कोणाच्या कामाचा आहे ते आधी ठरवा. संशोधकांपर्यंत पोचायचं असेल तर एक्स, ब्लूस्काय, लिंक्डइन. कॉलेजच्या मुलांपर्यंत जायचं तर इन्स्टाग्राम आणि यूट्यूब शॉर्ट्स. शेतकरी, पालक, गावकरी यांच्यासाठी मात्र व्हॉट्सॲपला पर्याय नाही.

प्रत्येकाची अडचण वेगळी आहे. एक्सवर मोफत खात्याला २८० अक्षरं मिळतात. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये २,२०० अक्षरं मावतात, पण तिथली लिंक दाबता येत नाही, म्हणून ती बायोमध्ये ठेवावी लागते. लिंक्डइनवर पीडीएफ चढवली की पानं सरकवत वाचता येतात आणि पोस्टरसाठी हे सगळ्यात सोयीचं आहे. व्हॉट्सॲप फोटोची गुणवत्ता कमी करतं, म्हणून आलेख असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. तिथे फॉरवर्ड होताना तुमचा मजकूर गळून नुसतं चित्र पुढे जाऊ शकतं, म्हणून नाव, कॉलेज, महिना-वर्ष आणि 'प्राथमिक निष्कर्ष' हे शब्द चित्रावरच हवेत.

एक ॲप नीट सांभाळा. जमलं की दुसरं.

४. पहिली पोस्ट लिहायची कशी? दर वेळी ती एक तर फार कोरडी होते नाही तर फार भडक.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. अडुळशाच्या पानांच्या अर्काचा जीवाणूंवरचा परिणाम हा मायक्रोबायोलॉजीच्या विभागांत वरचेवर होणारा प्रोजेक्ट. त्याची पोस्ट बहुतेकदा अशी येते : 'अडुळशात सापडलं जीवाणूंचा नाश करणारं औषध!' या ओळीत 'नाश' आणि 'औषध' हे दोन्ही शब्द चुकीचे आहेत. तीच गोष्ट अशी लिहिता येईल :

'अडुळशाच्या पानांच्या इथेनॉलमधल्या अर्काने पेट्रीडिशमध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियस या जीवाणूची वाढ रोखली. अर्काच्या चकतीभोवती सरासरी १४ मिमी व्यासाचं मोकळं वर्तुळ दिसलं. तुलनेसाठी ठेवलेल्या जेंटामायसिनभोवती २२ मिमी, नुसत्या इथेनॉलच्या चकतीभोवती काहीच नाही. प्रयोग तीन वेगवेगळ्या दिवशी केला. हे पेट्रीडिशमधलं निरीक्षण आहे, माणसांवर चाचणी झालेली नाही.'

इथे प्रत्येक वाक्य एका संभाव्य शंकेचं उत्तर आहे. नुसतं इथेनॉलही जीवाणूंना मारक असतं, म्हणून त्याची वेगळी चकती लावली होती हे सांगितलं नाही तर जाणकार पहिल्याच कॉमेंटमध्ये तेच विचारतो. मोकळं वर्तुळ म्हणजे वाढ थांबली, जीवाणू मेले असं नव्हे. मेले हे दाखवायचं तर त्या वर्तुळातला नमुना ताज्या माध्यमावर पुन्हा वाढवून पाहावा लागतो. एकाच प्लेटवरच्या तीन चकत्या म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. आणि दोन वनस्पतींच्या वर्तुळांची तुलना करून 'ही जास्त गुणकारी' असं म्हणू नका. अर्कातले घटक आगरमध्ये किती वेगाने पसरतात यावरही व्यास अवलंबून असतो.

क्रम साधा ठेवा : काय आढळलं, कसं पाहिलं, मर्यादा काय, कोणी मदत केली, लिंक कुठे. फीडमध्ये पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, म्हणून आढळलेली गोष्ट तिथेच आली पाहिजे. 'आम्हाला कळवण्यास अत्यंत आनंद होत आहे' या ओळीने ती जागा वाया जाते.

५. मराठीत लिहू की इंग्रजीत?

दोन्हीत, पण दोन वेगळ्या पोस्ट करा. एकाच पोस्टमध्ये अर्धं-अर्धं लिहिलं की दोन्ही वाचक अर्ध्यात सोडून जातात. रोमन लिपीतली मराठी टाळा. ती शोधात नीट सापडत नाही आणि स्क्रीन रीडर तिचे उच्चार मोडतोड करून वाचतो.

टायट्रेशन, सेंट्रिफ्यूज, पीएच हे शब्द वर्गात बोलता तसेच ठेवा आणि पहिल्यांदा आले की एका वाक्यात काय ते सांगा. शासकीय परिभाषाकोशातला शब्द बरोबर असतो, पण वाचकाला तो ओळखीचा नसेल तर पोस्ट तिथेच अडते.

एक्सवर मराठी लिहिताना अक्षरं भराभर संपतात, कारण काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'विद्यार्थी' हा शब्द तिथे १० अक्षरांचा आहे. म्हणजे २८० मध्ये साधारण ४० शब्द बसतात. कितीही लांब लिंक असली तरी ती २३ अक्षरं धरली जाते. मजकूर मावत नसेल तर ३-४ पोस्टची साखळी करा आणि मर्यादांचं वाक्य पहिल्याच पोस्टमध्ये ठेवा. बाकीच्या पोस्ट बरेच जण उघडत नाहीत.

६. डिझाइन करताना मराठी अक्षरं फुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. काय करू?

कारण बहुधा दोनांपैकी एक असतं. मजकूर श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर तो युनिकोड नसतो आणि दुसरीकडे चिकटवला की अगम्य चिन्हं दिसतात. तो आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. दुसरं कारण सॉफ्टवेअरचं. फोटोशॉपमध्ये टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडलेला नसेल तर 'कि'ची वेलांटी उलटी पडते. मुक्त, बालू, नोटो सान्स देवनागरी हे मोफत युनिकोड फॉन्ट आहेत. चित्र बाहेर काढल्यावर 'र्थी', 'ष्ट्र', 'द्ध' ही जोडाक्षरं आधी बघा. मोडतोड पहिल्यांदा तिथे दिसते.

७. पोस्टरचा फोटो टाकला, पण कोणी वाचलाच नाही. असं का?

कारण तो वाचता येत नाही. उभं ए-वन पोस्टर ५९.४ सेंमी रुंद असतं आणि फोनचा पडदा जेमतेम ७ सेंमी. म्हणजे सगळं साडेआठ पटीने लहान होतं. पोस्टरवर २४ पॉइंटचं अक्षर फोनवर ३ पॉइंटपेक्षाही बारीक दिसतं. झूम करत वाचण्याचे कष्ट फक्त परीक्षक घेतो.

पोस्टर फोडून ५ ते ७ पट्ट्या करा, प्रत्येक १०८० बाय १३५० पिक्सेलची. पहिल्या पट्टीवर फक्त निष्कर्षाचं एक वाक्य, ८० पिक्सेलच्या आसपासच्या अक्षरांत. दुसरीवर प्रश्न का पडला, तिसरीवर पद्धतीचा फोटो किंवा रेखाटन, चौथीवर एकच आलेख, पाचवीवर मर्यादा, शेवटी नावं आणि लिंक. कुठलाही मजकूर ४० पिक्सेलपेक्षा बारीक नको. 'संदर्भ' आणि 'प्रस्तावना' जशीच्या तशी उचलू नका, त्यांची जागा पूर्ण अहवालात आहे.

रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने २०१५ मध्ये ट्विटरवर सुरू केलेली पोस्टर परिषद या कामासाठी उत्तम शाळा आहे. त्यात पोस्टर पोस्ट करायचं, सोबत योग्य हॅशटॅग द्यायचा आणि विचारलेल्या प्रश्नांना तिथेच उत्तरं द्यायची. प्रवासखर्च शून्य. आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजांनी मिळून असं काही करायला मोठ्या निधीची गरज नाही.

८. आलेखात नेमकं काय चुकतं?

नेहमीच्या चुका चारच. अक्षांवर एकक नसतं. स्तंभालेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू होत नाही, म्हणून ५ टक्क्यांचा फरक दुप्पट वाटतो. त्रुटीरेषा असतात, पण त्या प्रमाण विचलन दाखवतात की प्रमाण त्रुटी हे लिहिलेलं नसतं. आणि लाल-हिरवी जोडी वापरलेली असते, जी रंगांधळेपणा असलेल्यांना एकसारखी दिसते. निळा-नारिंगी वापरा आणि सोबत आकारही बदला, गोल आणि त्रिकोण. नमुने किती घेतले ते आलेखावरच लिहा, कॅप्शनमध्ये नको, कारण प्रश्न ३ मध्ये सांगितल्याप्रमाणे कॅप्शन वाटेत गळू शकते.

९. चित्रासाठी पर्यायी मजकूर द्यायचा म्हणजे काय लिहायचं?

अंध वाचकाला आलेखातून जे समजायला हवं ते. 'आलेख' एवढंच लिहून भागत नाही. 'स्तंभालेख : चार विहिरींमधलं नायट्रेट. तीन विहिरींत २० ते ३० मिलिग्रॅम प्रतिलिटर, चौथीत ६२' असं लिहा. आधी प्रकार, मग काय मोजलं, मग मुख्य गोष्ट. एक्सवर यासाठी १,००० अक्षरं मिळतात. व्हॉट्सॲपवर ही सोय नाही, तिथे हाच मजकूर चित्राखाली टाका.

१०. शोधनिबंध पाठवायचा आहे. आधी पोस्ट केली तर शोधपत्रिका नाकारेल का?

बऱ्याच शोधपत्रिका प्रीप्रिंट, म्हणजे तज्ज्ञांच्या तपासणीआधीच ऑनलाइन खुला केलेला निबंध, चालवून घेतात, पण सगळ्या नाही. त्यामुळे जिथे पाठवणार तिच्या संकेतस्थळावरचं प्रीप्रिंटचं धोरण आधी वाचा. चालत असेल तर क्रम असा ठेवा : आधी प्रीप्रिंट किंवा अहवाल भांडारात, मग पोस्ट. भौतिकशास्त्र-गणितासाठी १९९१ पासूनचं अर्काइव्ह, जीवशास्त्रासाठी बायोअर्काइव्ह. पदवीचा अहवाल, पोस्टर किंवा डेटा असेल तर सर्नकडून चालवलं जाणारं झेनोडो मोफत आहे आणि तिथे डीओआय म्हणजे कायमचा ओळखक्रमांक मिळतो. पोस्ट चार दिवसांत वाहून जाते, डीओआय टिकतो. नाव नोंदवताना ऑर्किड हा संशोधकाचा १६ अंकी क्रमांकही काढून घ्या. नावाचं स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी असण्याचा त्रास त्याने मिटतो.

तज्ज्ञांनी तपासलेलं नसेल तर पोस्टमध्ये तसं स्पष्ट लिहा. निबंध स्वीकारला गेल्यावर काही शोधपत्रिका ठरावीक तारखेपर्यंत बोलायला मनाई करतात, ती पाळा. छापून आल्यावर आपलाच आलेख टाकायचा तरी परवाना बघा. सीसी बाय असेल तर श्रेय देऊन वापरता येतो. हक्क प्रकाशकाला दिले असतील तर त्याच आकड्यांवरून नवा आलेख काढा आणि निबंधाची लिंक द्या.

११. आमच्या उपकरणाचं पेटंट घ्यायचं आहे. रील टाकू का?

अर्ज दाखल होईपर्यंत मुळीच नको. पेटंटसाठी शोध नवा असावा लागतो आणि सार्वजनिक रील म्हणजे प्रकाशनच. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन किंवा विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध अशा मोजक्या प्रसंगांना १२ महिन्यांची सवलत आहे. इन्स्टाग्राम त्यात बसत नाही. घाई असेल तर तात्पुरतं विवरणपत्र दाखल करा. पूर्ण विवरणासाठी त्यानंतर १२ महिने मिळतात. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना शुल्कात ८० टक्के सवलतही आहे, त्यामुळे आधी कॉलेजच्या पेटंट कक्षाशी बोला. स्पर्धेच्या दिवशी मित्रांनी काढलेले व्हिडिओही याच नियमात येतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

१२. सर्वेक्षण केलं आहे. लोकांची उत्तरं पोस्टमध्ये देता येतील का?

एकत्रित आकडे देता येतील. एकेकट्याचं उत्तर, फोटो किंवा आवाज द्यायचा तर त्यासाठी वेगळी लेखी संमती हवी. अभ्यासात भाग घ्यायला दिलेली संमती पोस्टला लागू होत नाही. छोट्या गावात नाव न देताही माणूस ओळखू येतो. 'गावातल्या एकमेव आशाताई' म्हटलं की झालं. म्हणून ५ पेक्षा कमी माणसांचा गट वेगळा दाखवू नका. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती घ्या. आरोग्याशी संबंधित अभ्यास असेल तर नैतिकता समितीची मंजुरी काम सुरू होण्याआधी लागते, पोस्टच्या आदल्या दिवशी नव्हे.

१३. सड्यावर दुर्मिळ वनस्पती सापडली. ठिकाण सांगू का?

नको. कंदीलपुष्पांचे म्हणजे सेरोपेजियाचे कंद खणून नेले जातात, ऑर्किडही उपटली जातात. जिल्हा किंवा फार तर तालुका सांगा. आयनॅचरलिस्टवर नोंद केली तर धोक्यातल्या प्रजातींचं नेमकं ठिकाण आपोआप धूसर होतं, सुमारे २० किलोमीटरच्या चौकटीत. पण तोच फोटो व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर कॅमेऱ्याने नोंदवलेले अक्षांश-रेखांश सोबत जातात. पाठवण्याआधी लोकेशन काढून टाका. पार्श्वभूमीही बघा. मागे किल्ल्याचा ओळखीचा बुरूज दिसत असेल तर जीपीएसची गरजच उरत नाही. नेमकं ठिकाण गाईड आणि वनविभागापुरतं ठेवा.

१४. गावाच्या विहिरीत नायट्रेट जास्त आढळलं. लगेच पोस्ट टाकून सावध करू का?

आधी खात्री, मग ग्रामपंचायत, शेवटी पोस्ट. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. इथे एक सापळा आहे. काही किट नायट्रेट दाखवतात, काही 'नायट्रेट-नायट्रोजन'. दुसऱ्या मापात तीच मर्यादा साधारण १० येते. किटवर १२ दिसलं आणि ते नायट्रोजन असेल तर पाणी मर्यादेबाहेर आहे, नायट्रेट असेल तर चांगलं आहे. नमुना थंड ठेवून ४८ तासांत तपासला होता का, तेही पाहा.

मर्यादेबाहेरचा आकडा आला तर पुन्हा नमुना घ्या आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. सरपंच, ग्रामसेवक आणि आरोग्य केंद्राला लेखी कळवा. पोस्टमध्ये 'पाणी विषारी' लिहू नका. तारीख, किती नमुने, आकडा, मर्यादा आणि कोणी काय काळजी घ्यायची ते लिहा. पाणी उकळल्याने नायट्रेट कमी होत नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. तान्ह्या बाळाला असं पाणी किंवा त्यात कालवलेलं दूध देऊ नये. हे वाक्य पोस्टमध्ये सगळ्यात वर हवं. एवढ्या एका गोष्टीसाठी पोस्ट टाकायला हवीच.

१५. एका पोर्टलने आमच्या पोस्टवरून 'विद्यार्थ्यांनी शोधलं मधुमेहावर औषध' अशी बातमी केली. आता?

त्याच दिवशी संपादकांना लेखी कळवा : कुठलं वाक्य चूक आहे आणि त्याऐवजी काय हवं, दोन ओळींत. स्वतःच्या पोस्टखाली खुलासा पिन करा. ती बातमी आनंदाने शेअर करू नका. मधुमेह, कर्करोग यांसारख्या आजारांवर औषधाची जाहिरात करण्यावर १९५४ च्या औषधी व जादूटोणा उपाय कायद्याने बंदी आहे आणि कोणी उद्या तुमचं नाव वापरून चूर्ण विकायला काढलं तर हा खुलासाच तुमच्या बाजूने बोलेल.

१६. पोस्टमध्ये आकडा चुकला. डिलीट करू का?

गुपचूप डिलीट करू नका, स्क्रीनशॉट आधीच फिरत असतात. एक्सवर मोफत खात्याला संपादन नाही, म्हणून मूळ पोस्टला जोडून दुरुस्ती टाका. इन्स्टाग्रामवर कॅप्शन बदलता येते, चित्र नाही, त्यामुळे कॅप्शनच्या पहिल्या ओळीत 'दुरुस्ती' लिहून बरोबर आकडा द्या. झेनोडोवर नवी आवृत्ती चढवा. तिला नवा डीओआय मिळतो आणि जुनी आवृत्ती तशीच राहते. मात्र कोणाची ओळख फुटली असेल किंवा चुकीमुळे आरोग्याला धोका असेल तर मूळ पोस्ट लगेच काढा आणि का काढली ते लिहा.

१७. पोस्टनंतर '३ दिवसांत पेपर छापून देतो' असे मेसेज येतात. खरे असतात का?

तज्ज्ञांकडून खरी तपासणी ३ दिवसांत होत नाही. शुल्क आधी मागणं, पत्त्याऐवजी नुसता मोबाइल नंबर आणि एकाच शोधपत्रिकेत शेतीपासून संगणकापर्यंत सगळे विषय, या खुणा ओळखा. यूजीसीची दर्जेदार शोधपत्रिकांची 'केअर' यादी २०२५ मध्ये बंद झाली आहे, त्यामुळे 'केअर लिस्टेड' हे आमिष आता निरर्थक आहे. निबंध तिथे एकदा छापला की दुसरीकडे देता येत नाही. मेसेजला उत्तर न देता गाईडला दाखवा.

१८. विभागाचं सामाईक खातं काढायचं आहे. ते टिकेल कसं?

अशी खाती बहुधा जूनमध्ये बंद पडतात. ज्याच्या फोनवर ओटीपी येतो तो तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी पास होऊन जातो आणि पासवर्डही त्याच्यासोबत जातो. म्हणून खातं विभागाच्या ईमेलवर काढा. दुहेरी पडताळणी कोणाच्या सिमवर न ठेवता ऑथेंटिकेटर ॲपवर घ्या आणि बॅकअप कोड विभागप्रमुखांकडे कागदावर ठेवा. प्रत्येक पोस्ट दोघांनी तपासायची : एक त्या विषयातला, दुसरा त्या विषयाबाहेरचा. पहिला चूक पकडतो, दुसरा न समजणारं वाक्य.

महिन्याला दोन पोस्ट पुरेत. परीक्षेच्या काळात बंद ठेवली तरी चालेल. दुसऱ्या वर्षाच्या दोघांना जानेवारीपासून सोबत घ्या, म्हणजे जूनमध्ये त्यांना सगळं येत असेल. कोणत्या पोस्टला कोणाची लेखी परवानगी होती, मूळ फाइल कुठे आहे आणि डीओआय काय, याची एक साधी तक्त्याची फाइल ठेवा. पुढच्या तुकडीला पासवर्डइतकीच तिचीही गरज पडते.